सात दिवसांचा समुद्र, आठव्या दिवसाचा नळ

तरुणपणी मी फार हुशार होते, असं माझं मत होतं. दुसऱ्या कुणाचं तसं मत नव्हतं, पण मी कुणाला विचारलंही नव्हतं. आता सत्तरी उलटल्यावर त्या बाईकडं वळून बघते, ती कडक इस्त्रीची साडी, ती कानावरची पेन्सिल, तो हातातला कार्बन पेपर, आणि तिच्या एक थोबाडीत ठेवून द्यावीशी वाटते. राग जायला पाहिजे होता एव्हाना. गेला नाही. हिनं एका बाईचा समुद्र बुडवला.

लातूरचा तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. उस्मानाबादेतून वेगळे निघालो म्हणून गुलाल उधळला, पेढे वाटले, कचेऱ्यांवर नव्या पाट्या चढल्या. पाट्यांचा रंग वाळतो न वाळतो तोच पावसानं तोंड फिरवलं. जिल्हा नवा, साहेब नवे, टेबलं नवी आणि नळ आठव्या दिवशी. आमचे हे नांदेडच्या कचेरीतून बदली मागून घरी आले होते, त्यांना टंचाईचं काम मिळालं. कुठल्या गावाला टँकर कधी जाणार, किती खेपा करणार, हे ते ठरवायचे. रुबाब असा की जणू ढग यांच्या सहीनं हलतात.

घर एकत्र होतं. थोरल्या दिरांचं मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आडत दुकान. त्यांची बायको, माझी थोरली जाऊ, हिला मी अक्का म्हणायची. अक्काचं माहेर औसा. लग्न होऊन लातूरला आली आणि त्यानंतर तिची सगळी सफर लातूर ते औसा, औसा ते लातूर. तीसुद्धा बाळंतपणाला नाहीतर मयतीला.

नळाला जोर नसायचा. म्हणून प्रत्येकानं अंगणात नळाच्या पाइपापाशी कमरेएवढा खड्डा खणलेला. खाली उतरलं तर पाणी, वर तोटीला नुसती हवा. नळाच्या पाळीच्या सकाळी एकीनं खड्ड्यात उतरून भरायचं, दुसरीनं वरून ओढून आत न्यायचं. खड्ड्यात अक्का, वर मी. घागरी, हंडे, पिंप, बादल्या, मग पातेली, शेवटी तांबे. बत्तीस भांडी. भरता भरता नळ फुसफुसायला लागला की अक्का नळाला शिव्या द्यायची, त्या इथं लिहिता येत नाहीत.

अशीच एक पाळी संपली. अक्का खड्ड्याच्या काठावर पाय सोडून बसली होती. लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलात. म्हणाली, "धाकले, मला आठ दिस कुठंतरी नेऊन बसव गं."

"कुठं?"

"समुद्रावर. तिथलं पाणी कुणाला भरावं लागत न्हाई."

मी हसले. ती हसली नाही. म्हणाली, "आणि तिथं कुणी मला 'पाणी आण' म्हणून हाक मारू नये. बास. दुसरं काई नको."

तिनं लग्नानंतर पंधरा-सोळा वर्षांत मागितलेली ही पहिली वस्तू. मला ते त्या वेळी कळलं होतं. कळलं होतं, हेच तर वाईट.

शेजारी शाळेच्या एक बाई राहायच्या. त्यांची डी.एड.ची मैत्रीण मालवणची, समुद्राला लागून घर. बाईंनी तीन वाक्यांत सगळी सहल ठरवली. "एकच घर धरायचं, रोज गाठोडी बांधायची नाहीत. समोर किल्ल्याचं बेट आहे, पलीकडं लहान लहान खडकांची बेटं आहेत, खाडीत माडांचं एक बेट आहे. वाटलं तर नावेत बसायचं, नाही वाटलं तर ओसरीवर बसायचं." उन्हाळ्याची सुट्टी होती. पोरं मामाच्या गावी जाणार होती. पाच जणी तयार झाल्या: अक्का, मी, शाळेच्या बाई, पलीकडच्या डाळ मिलवाल्यांची बायको आणि नांदेडला दिलेली आमची नणंद. झालं की. एवढंच पुरे होतं. पण मी होते ना!

मी यांच्या कपाटातून टँकरच्या खेपांचा छापील फॉर्म काढला. गाव, खेप क्रमांक, निघण्याची वेळ, पोचण्याची वेळ, शेरा. गावाच्या जागी बेटं लिहिली. सकाळी सहा, प्रातर्विधी. साडेसहा, चहा. सात, नाव. एका दिवशी दोन बेटं, दुसऱ्या दिवशी किल्ला संपूर्ण, तिसऱ्या दिवशी किल्ला उर्वरित. शेऱ्याच्या रकान्यात, देवाशपथ सांगते, "विश्रांती, दुपारी दोन ते अडीच". कार्बन घालून पाच प्रती काढल्या. पाचवी इतकी पुसट आली की अक्षर लागेना. ती अक्काला दिली. का, तर तिला वाचायचा तसाही कंटाळा. ही मी. जिच्यासाठी सहल, तिला न दिसणारी प्रत.

अक्कानं कागद उजेडात धरला. "अगं, ही सहल हाय का रोजगार हमीचं मस्टर? मधी गिट्टीबी फोडायची का?"

डाळ मिलवाली म्हणाली, "माझ्या डब्याची वेळ कुठं घातलीस? मी पाच किलो तूरडाळ घेऊन चालले."

"कोकणात डाळ मिळत नाही का?"

"मिळत आसंल. पण ती काय डाळ हाय का?"

मी तिच्यावर खेकसले. वेळापत्रकात डाळीला जागा नव्हती.

सगळं छान चाललं होतं. मग एका संध्याकाळी हे चपला काढता काढता म्हणाले, "जा की. खुशाल जा. पाळी कधी आहे पण?"

मी भिंतीवरच्या कॅलेंडरात तारखा बघितल्या. जायला दीड दिवस, तिथं सात, यायला दीड. दहा दिवस. नळ आठव्या दिवशी. दहा दिवसांत एक पाळी येणारच, तुम्ही कुठूनही मोजा. पण ही शहाणी तीन दिवस खोडरबर घेऊन तारखा मागंपुढं सरकवत बसली. दोन दिवस अलीकडं घेतलं तर पाळी शेवटी येते, पलीकडं घेतलं तर सुरुवातीला येते. अलीकडं, पलीकडं. शेजारणींना विचारलं. त्यांना त्यांची बत्तीस भांडी.

मला आजही ज्याचा संताप येतो ते हे. त्या तीन दिवसांत माझ्या डोक्यात बेटं आली, भरती-ओहोटी आली, डासांची जाळी आली, उलटीच्या गोळ्या आल्या. पण घरात दोन धडधाकट माणसं आहेत, त्यांना चार हात आहेत आणि त्या हातांना घागर धरता येते, हे आलं नाही. एकदाही नाही. घरात मागं राहणार कोण? तेच दोघं. पाणी कुणासाठी भरायचं? त्याच दोघांसाठी. दोन पुरुषांना आठ दिवस बत्तीस भांडी! काय रोज हत्ती धुणार होते का?

एकदा भीत भीत यांना म्हटलं, "तुम्ही दोघं मिळून भराल का थोडं?" पण ते मी विचारलं कसं, तर हसत हसत, गंमत केल्यासारखं. त्यांनीही गमतीनंच घेतलं. "मी आख्ख्या जिल्ह्याला पाणी पाठवून राहिलो, आणि घरात येऊन खड्ड्यात उतरू?" थोरले दीर पेपराआडून हसले. मीसुद्धा हसले. हसले, लक्षात ठेवा.

अक्का चुलीपाशी भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, "मी ऱ्हाते. तुम्ही जावा."

या ठिकाणी कुठल्याही शुद्धीवरच्या बाईनं फॉर्म फाडून चुलीत घातला असता. मी काय म्हणाले? मी म्हणाले, "बरं." निदान एकदा "नको हो" तरी म्हणायचं. शिष्टाचार म्हणून. तेही नाही. "बरं" म्हणाले आणि कागदावर तळाला लिहिलं: घर सांभाळणे, अक्का. त्याच रात्री शांत झोप लागली मला. सगळे रकाने भरले होते.

आम्ही चौघी निघालो. लातूर ते कोल्हापूर एसटी, कोल्हापूरच्या स्टँडवर मुक्काम, तिथून मालवण. नणंद वाटभर सांगत होती, "आम्ही गोदाकाठची माणसं, मला पाण्याचं काय भय?" समुद्र दिसला तशी तिनं माझा दंड असा धरला की चार दिवस वळ होते.

यजमानीण बाई गोड होती. तिनं पाय धुवायला पाणी दिलं. आम्ही चौघींनी मिळून एका तांब्यात आठ पाय धुतले, आणि खालचं पाणी झाडाला घालायचं म्हणून परात मागितली. ती बघतच राहिली. मी विचारलं, "इथं नळ कितव्या दिवशी येतो?"

ती म्हणाली, "येवचा कशाक गो? पाणी असा मां विहिरीत."

मागच्या अंगणात विहीर होती. वाकलं की हात बुडेल इतकं पाणी नव्हतं, पण रहाट फिरवला की बादली भरून वर येत होती. कितीही वेळा. डाळ मिलवाली उगीचच पाच-सहा बादल्या काढून परत आत ओतत बसली.

दुसऱ्या दिवसापासून माझं वेळापत्रक सुरू झालं. सहाला उठवलं. साडेसहाला चहा. बाई म्हणाल्या, "मी वर्षभर घंटेवर जगते, मला जरा सोडा." सोडते कसली. दोन बेटं उरकली. एका खडकावर उतरलो, तिथं पक्ष्यांच्या शिटेशिवाय काही नव्हतं, तरी मी कागदावर बरोबरची खूण केली. दुपारी दोनला सगळ्यांना झोपवलं, अडीचला उठवलं. नाववाला म्हातारा होता, त्यानं मला "मास्तरीण" म्हणायला सुरुवात केली. खऱ्या मास्तरीण बाई बाजूला बसून दात-ओठ खात होत्या.

तिसऱ्या दिवशी किल्ल्यात गेलो. त्या दिवशी लातूरला पाळी होती.

चारी बाजूंनी खारा समुद्र, मधे किल्ला, आणि किल्ल्याच्या आत गोड्या पाण्याच्या विहिरी. नाववाल्यानं पोहरा टाकून पाणी काढलं, म्हणाला, पिऊन बघा. नणंद प्यायली, डाळ मिलवाली प्यायली. "अगं बाई, साखर!" म्हणत माझ्याकडं पोहरा दिला. मी ओंजळ केली आणि मला एकदम वेळ दिसली. नऊ वाजले होते. अक्का एकटी होती. खड्ड्यात उतरून घागर भरायची, भरलेली घागर डोक्याच्या वर उचलून काठावर ठेवायची, मग स्वतः वर चढायचं, घागर आत नेऊन ठेवायची, परत खड्ड्यात. बत्तीस वेळा. तोवर नळ गेलाही असणार.

मी ओंजळ तशीच धरून उभी. बाईंनी विचारलं, "काय झालं?"

"आज पाळी आहे घरी," मी म्हटलं.

बाई माझ्यावर अशा भडकल्या की मी तसं कुणाला भडकलेलं पाहिलं नव्हतं. जणू तीन दिवस याचीच वाट बघत होत्या. "आत्ता आठवलं? सहल कुणाची होती? तुमच्या त्या कागदात तुमच्या जाऊबाई कुठं आहेत, दाखवा मला! आणि तुमच्या घरातल्या पुरुषांचे हात काय तुटलेत?" मग जरा थांबून म्हणाल्या, "मीही गप्प बसले. लातूरलाच बोलायला पाहिजे होतं मला. तुमच्या घरात मी कशाला तोंड घालू म्हणून गप्प बसले. थू आपल्यावर."

नाववाला दुसरीकडं बघायला लागला. नणंद रडायला लागली, ती कशालाही रडते. मी पाणी प्यायले नाही. आता वाटतं, प्यायला हवं होतं. न पिऊन काय अक्काची घागर भरली?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटी परत निघाले. बाकीच्या तिघींना म्हटलं, तुम्ही राहा, मी पाणी-बिणी बघते, अक्काला पाठवते. जन्मात एकटी एसटीत बसले नव्हते. वाटभर मी स्वतःवर खूश होत गेले, हे सांगायला लाज वाटते. काय त्याग! घरी गेल्यावर अक्का गळ्यात पडेल, डोळे पुसेल, पिशवी भरेल. मी मनात तिचे संवादसुद्धा लिहून टाकले होते.

सातांतल्या पाचव्या दिवशी भर दुपारी घरी पोचले. अक्का उंबऱ्यात बसून डाव्या हातानं लसूण सोलत होती. उजव्या मनगटाला हळद-तेलाचं फडकं गुंडाळलेलं.

"काय गं? कोण मेलं?"

"कुणी नाही. अक्का, तुम्ही निघा. मी राहते. आत्ताच्या गाडीनं निघालात तर उद्या संध्याकाळी पोचाल. दीड दिवस मिळेल तुम्हाला."

तिनं लसूण खाली ठेवला. इतक्या सावकाश की मला भीती वाटली.

"दीड दिस?"

"पूर्ण एक, आणि एक अर्धा..."

"गप," ती म्हणाली. "सगळ्यांचं जेवून झाल्यावर भगुन्यात ऱ्हातं ते खात आले मी जन्मभर. तक्रार केली न्हाई. आता समुद्रबी तसलाच आणलास का माझ्यासाठी? तळाला ऱ्हायलेला? न्हाई पायजे. आणि तू तरी कामून आलीस? मी ऱ्हायले ती तू पुरे सात दिस बसावंस म्हणून ऱ्हायले. तेबी घालवलंस. कुणाचंच झालं न्हाई आता."

माझी पिशवी हातातच. तिचा हात बघितला, म्हटलं, "हे कसं झालं?"

"एकविसावी घागर."

संध्याकाळी हे आले. मला बघून तोंडभर हसले. म्हणाले, "अरे वा! बरं झालं लवकर आलीस. वहिनींच्या हाताला लचक भरलीय ना, भाकरीची पंचाईत होऊन राहिली होती."

लग्नानंतर मी नवऱ्यावर आवाज चढवला नव्हता. तो त्या दिवशी चढला, तो पलीकडच्या गल्लीपर्यंत गेला. मी काय काय बोलले ते मला आठवत नाही, गल्लीला आठवतं. एवढं आठवतं की मी म्हणाले, "तुमचा टँकर पन्नास गावांना जातो आणि तुमचा हात घरच्या खड्ड्यापर्यंत पोचत नाही!" थोरले दीर घाईघाईनं मोंढ्यात निघून गेले. मोंढा बंद झालेला होता.

पण ओरडण्यानं काय झालं? काही नाही. अक्का माझ्याशी महिनाभर कामापुरतं बोलली. तिचं मनगट थंडीपर्यंत दुखलं. सहलीवरून आलेल्या तिघी खूप हसून-खेळून आल्या होत्या. मी निघून आल्यावर त्यांनी सात दिवसांतले शेवटचे चार नुसते लोळून काढले, असं डाळ मिलवालीनं मला तोंडावर सांगितलं. आणि पाच किलो डाळीचं वरण यजमानिणीच्या घराला इतकं आवडलं म्हणे, की निघताना तिनं उरलेली ठेवून घेतली.

पुढच्या उन्हाळ्यात पाऊसपाणी तसंच, उलट नळ दहाव्या दिवसावर गेला. बाई पुन्हा निघाल्या, डाळ मिलवाली पुन्हा निघाली. या वेळी मी कुठलाही कागद काढला नाही. जेवताना सगळ्यांदेखत म्हटलं, "अक्का जाणार आहेत. पुरे सात दिवस. मी भाकरी करेन. पाणी तुम्ही दोघं भरायचं."

थोरले दीर म्हणाले, "लोक काय म्हणतील?"

"जे म्हणतील ते ऐकत ऐकत भरा."

अक्का जाताना फक्त आपली घागर उचलून माळ्यावर ठेवून गेली, कुणाला सहज मिळू नये म्हणून.

पाळीच्या सकाळी मी अंगणात पाट टाकून बसले. हातात चहा. हे पँट गुडघ्यापर्यंत दुमडून वर उभे, थोरले दीर धोतर खोचून खड्ड्यात. गल्लीतल्या बायका आपापल्या घागरी सोडून भिंतीवरून बघायला. एक म्हातारी ओरडली, "साहेब, किती खेपा मंजूर हायत?" चौथ्या घागरीला यांना कळ आली. सहाव्याला दिरांनी विचारलं, "एवढं पाणी कशाला लागतं गं घरात?" मी म्हटलं, "मलाही गेली कित्येक वर्षं हाच प्रश्न आहे." अकरा भांडी भरली. ती आम्हा तिघांना दहा दिवस पुरून उरली. पोरं गावाला गेली तरी एकवीस भांडी आम्ही दोघी बायका उगीचच भरत होतो, कारण रिकामं भांडं दिसलं की भरायचं, एवढंच आम्हाला शिकवलेलं. हेही मला त्याच दिवशी कळलं, आणि राग कुणावर काढावा ते कळेना. बराचसा स्वतःवरच काढला.

अक्का दहाव्या दिवशी आली. उन्हानं रापलेली, पण चेहरा भरलेला. मी पायावर पाणी घातलं आणि लगेच विचारलं, कारण खोड जात नाही: "कुठलं बेट आवडलं?"

"मी गेलेच न्हाई एकाबी बेटावर."

"एकाही? सात दिवसांत?"

"नाववाला म्हातारा रोज सकाळी यायचा. ताई, येता का? मी ओसरीवरून सांगायची, आज न्हाई. दुसऱ्या दिशी परत यायचा. आज न्हाई. बिचारा निघून जायचा." ती आठवून हसली. "धाकले, लई बरं वाटतं गं ते म्हणायला. मी कदी कुणाला म्हणलेच नव्हते."

आणि या हुशार बाईच्या तोंडून काय यावं? "मग गेलात तरी कशाला एवढ्या लांब?"

अक्कानं माझ्याकडं असं बघितलं, की मला माझं सगळं आयुष्य कार्बनच्या पाचव्या प्रतीसारखं पुसट वाटलं. आत जाऊन भर दुपारी जमिनीवर आडवी झाली, हात डोक्याखाली घेऊन.

थोड्या वेळानं थोरले दीर मोंढ्यातून आले. सवयीनं बैठकीतूनच आवाज दिला, "अगं, आलीस का? जरा चहा टाक."

आतून आवाज आला, "आज न्हाई."

दीर माझ्याकडं बघायला लागले. मी जागची हलले नाही. म्हटलं, "काय बघता? ऐकलं की तुम्ही. साखर वरच्या फळीवर आहे."